परसातली किंकाळी

"बायबलात संदेष्ट्यानं सांगितलेलं कोकरू आठव, सूनबाई. कापायला नेलं तरी त्यानं तोंड उघडलं नाही." रिबकाच्या सुजलेल्या ओठाकडे न बघता तिचे सासरे म्हणाले. ते गावच्या चर्चचे पाळक होते. लेकाचा मार सुनेनं मुकाट सोसावा, असंच त्यांना वाटे. लग्न झाल्यापासून रिबका तेच करत आली होती.

त्या रविवारी उपासनेहून परतताच नवऱ्यानं, आमोसनं, पट्टा उगारला. रिबकानं ओठ घट्ट मिटले. फटका पाठीवर बसला, पण दुखलंच नाही. परसात बांधलेलं कोकरू मात्र बाईच्या आवाजात किंचाळलं. आमोसनं चिडून पुन्हा मारलं. पुन्हा तीच किंकाळी. रिबकानं ती ओळखली. तो आवाज तिचाच होता.

किंकाळी ऐकून शेजारच्या चर्चमधली माणसं परसात धावली. कोकरू थरथरत उभं होतं आणि त्याच्या पांढऱ्या लोकरीवर रक्ताच्या दोन ताज्या रेघा उमटल्या होत्या.

"या मुक्या जिवाला कुणी मारलं?" म्हाताऱ्या मार्थाबाईंनी विचारलं.

रिबका पुढे आली. "त्याला नाही," ती सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, "आमोसनं मला मारलं."