बारमाही गलेलठ्ठ

"शिंपल्यांतल्या चरबीवर ऋतूचा काडीइतकाही परिणाम होत नाही!" प्राध्यापकांनी भर बाजारात शिंपलेवाल्या मावशींना सांगून टाकलं. तीन वर्षं दर महिन्याला मावशींकडून किलोभर शिंपले नेऊन, प्रयोगशाळेत चरबी मोजून त्यांनी हा शोध लावला होता. जगभरचे तज्ज्ञ नेमकं उलट सांगत होते. उद्याच्या परिषदेत त्या सगळ्यांना खोटं पाडायचं होतं.

"काहीतरीच काय, सर!" मावशी हसल्या. "अंडी सोडली की मेले पार खंगतात. आत निव्वळ पाणी."

"मग माझे बारा महिने गलेलठ्ठ कसे?"

"कसे म्हणजे? एकेक वाजवून बघते मी. भरलेले तुमच्या पिशवीत, पोकळ बाकीच्यांना. आणि इथल्या खाडीतले अगदीच वाळले, तर पलीकडच्या खाडीतून मागवते. तिथले तेव्हा चांगले भरलेले असतात. कायमच्या गिऱ्हाईकाला असंतसं द्यायचं का?"

प्राध्यापकांनी उद्याच्या भाषणाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि टोपलीपुढे उकिडवे बसले.

"मावशी, पुढच्या महिन्यापासून मला जरा अनोळखी माणसासारखं वागवाल का?"