परक्या वारुळातलं बाळ

जुईने रंगाच्या ब्रशने कणीएवढं पांढरं मुंगीचं बाळ उचललं आणि काचेच्या पेटीत सोडलं. ते दुसऱ्या वारुळातलं होतं. पेटीतल्या मुंग्या फार कमी उरल्या होत्या.

"मारतील का गं त्याला?" हेमांगीने विचारलं. जुईच्या बाबांशी लग्न करून ती या घरात आली, तेव्हापासून जुई तिला 'तुम्ही' म्हणायची. येणारेजाणारे पोरीच्या वळणाचं कौतुक करायचे, हेमांगी कसंनुसं हसायची.

"बघा हं. बाळांना परका वास नसतो, म्हणून घेतात. मोठ्या मुंगीला नाही घेत."

तेवढ्यात एका मुंगीने बाळाला हुंगलं, तोंडात धरलं आणि राणीपाशी नेलं.

"घेतलं!" हेमांगी ओरडली.

"अगं, हळू! घाबरतील ना त्या. तू पण ना!"

जुईच्या काहीच लक्षात आलं नाही. हेमांगीनेही ते लक्षात आणून दिलं नाही.