छळाची तारीख

“बायको म्हणजे नुसती खायला काळ आणि भुईला भार आहे हो, बाई! इकडची काडी तिकडे करत नाही,” खुर्चीत ऐसपैस रेलून तो म्हणाला. वकीलबाईंनी असले नग पुष्कळ पाहिले होते. त्यांनी पेन उघडलं.

लग्नाची तारीख विचारली, तर साहेबांनी फोन स्पीकरवर टाकून बायकोलाच विचारली. मुलगी कितवीत आहे, तेही तिलाच विचारलं. ओळखपत्र सापडेना, तेव्हा पुन्हा तिलाच फोन. “पाकिटाच्या मागच्या कप्प्यात बघा,” ती म्हणाली. ते तिथंच होतं. बाईंच्या मनात आलं, ह्या दिवट्याला घटस्फोट मिळाला, तर दुसऱ्याच दिवशी हा घरातल्या घरात हरवेल.

“घटस्फोट कशासाठी हवाय?”

“छळ! छळ मांडलाय तिनं माझा!”

“असं मोघम बोललेलं कोर्टात चालत नाही. छळाचा एखादा प्रसंग सांगा, तारखेसकट.”

त्यानं डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं, पण एकही प्रसंग आठवेना. मग सवयीनं हात फोनकडे गेला.

“अगं, तू मला छळलंस, ती तारीख कोणती गं?”



“आजची लिहा,” ती शांतपणे म्हणाली, आणि त्यानंतर तिनं त्याचा फोन कधीच उचलला नाही.