मेंफिसची एलपी

अध्यक्षसाहेब, तुम्ही आमच्या रुपालीचा नाच मुद्दाम मोडायला निघालात!

मेंफिस शहरातल्या अमेरिकन सोल गाण्यांच्या जुन्या एलपी तबकडीवर पोरीनं तीन महिने घाम गाळला. चौऱ्याऐंशी साली पिस्कॅटवेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ती स्टेजवर चढली, आणि "असलं संगीत गणपतीपुढे चालणार नाही" म्हणत तुम्ही रेकॉर्ड प्लेअरचा प्लग उपटलात.

तबकडी थांबली. गाणं थांबलं नाही.

तुम्ही एलपी काखेत मारून गाडीत नेऊन ठेवलीत. इकडे हॉलमध्ये ट्रम्पेट आणखी चढले. सुहासिनीकाकू पदर खोचून म्हणाल्या, "नाच गं पोरी, अध्यक्ष गेले उडत!" सगळा हॉल उभा राहून टाळ्यांनी ताल धरू लागला. रुपाली शेवटपर्यंत नाचली.

तेवढ्यात त्या एलपीवर गाणारी बाई ओरडली, "वन मोअर टाइम, रुपाली!"

एलपी तर तुमच्या गाडीत होती. मग ती बाई कुठून गात होती? उत्तर द्या!