सुटका

तोफगोळ्यांच्या कारखान्याच्या फाटकावर अकरा वर्षं लोकांच्या पिशव्या तपासून ती पार विटून गेली होती. इथून सुटायचंच, म्हणून नोकरी सांभाळत तिने सुरक्षा आणि संरक्षण व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं. प्रबंधासाठी आपलाच कारखाना घेतला आणि कुंपणापासून कोठारापर्यंतच्या बंदोबस्तातली एकूण एक भोकं हुडकून काढली. ती पहिली आली. एका बंदरावर सुरक्षा अधिकाऱ्याची जागाही चालून आली.

"सुटलीस गं बाई एकदाची!" आई फोनवर रडलीच.

राजीनामा घेऊन ती साहेबांकडे गेली, तर टेबलावर तिचाच प्रबंध उघडा.

"काय अभ्यास केलात हो! आम्ही थक्क झालो," साहेब मनापासून म्हणाले आणि राजीनामा न वाचताच तिच्याकडे परत सरकवला. "पण इथली गुपितं ज्याला ठाऊक, त्याला पाच वर्षं नोकरी सोडता येत नाही."

"साहेब, तो नियम मोठ्या अधिकाऱ्यांना. फाटकावरच्या बाईला कसली आलीत गुपितं?"

 

"कालपर्यंत नव्हती. आता तुमच्याइतकी कुणालाच नाहीत."