मादी कशी ओळखावी

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, चतुर आणि टाचण्या, म्हणजे पाण्याकाठी उडणारे ते लांब शेपटीचे कीटक, बघण्यात मुरलेले. पंख पसरून बसला तर चतुर, मिटून बसली तर टाचणी, हे त्यांनी आम्हा सासुरवाडीच्या माणसांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता झोपेतही आमची चूक होणार नाही. दर रविवारी सकाळी ते तळ्यावर असतात, आणि त्यांच्या मागे कॅमेऱ्याचा स्टँड, पाण्याची बाटली नि छत्री सांभाळत ताई.

परवा वाचनालयात त्यांचं व्याख्यान झालं.

"नर काय, कुणीही ओळखेल," भाऊजी रंगात आले होते. "लालभडक, मिरवत फिरणारा! खरी कसोटी मादीची. रंग फिका. कामापुरती येणार, काम उरकून निघून जाणार. अगदी समोर असली तरी लोकांना दिसत नाही. तिच्यासाठी नजर तयार व्हावी लागते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लॅपटॉपपाशी बसलेल्या ताईनं पुढचा फोटो लावला. गुडघाभर पाण्यात उभे असलेले भाऊजी, आणि त्यांच्या बोटाच्या टोकावर ऐटीत बसलेला लाल चतुर.

"अहाहा! हा फोटो कुणी काढला हो?" पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं.

भाऊजींनी चष्मा वर सरकवला, पडद्याजवळ जाऊन फोटो जाणकारासारखा निरखला आणि मान हलवली.

 

"छे हो, तिथं कोण असणार? त्या दिवशी तळ्यावर मी एकटाच होतो."