मागे जाणारा आवाज

"हे वाक्य मी म्हणणार नाही," आई म्हणाली आणि तिने संहिता टेबलावर पालथी घातली.

टेबल चिकट होतं. माईकवरच्या स्पंजला कुणाच्या तरी शिळ्या थुंकीचा वास येत होता. समोर मुलगा तेलकट बोटं चाटत बसला होता.

श्राव्यनाटक त्यानेच लिहिलेलं. त्यातलं यंत्र माणसाला काळात मागे नेत नाही, फक्त त्याच्या आवाजाला नेतं. दहा वर्षांनंतरची बायको आजच्या हॉस्पिटलला फोन करते. नवरा कधीच शुद्धीवर येणार नाही, हे तिला कळून चुकलंय. आजची बायको मात्र आशेवर आहे. डॉक्टरांनी कुणाचं ऐकायचं, हा पेच.

"बाबा तिकडे मशीनवर आहेत आणि तू मला हे बोलायला लावतोस? किळस येते रे."

"पेच खरा वाटायला हवा ना, आई. आणि तुझंही मन रमेल."

परवाच नवऱ्याने तिचं बोट दाबलं होतं. ते आपोआप होतं, असं मुलाचं म्हणणं. तिने मोठ्या डॉक्टरांना बजावलं होतं, माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. रजेवर जाताना त्यांनी तसा शब्दही दिला होता.

एके काळी ती रेडिओवर नायिका असायची आणि नवरा मागे पत्रा हलवून वादळ उठवायचा. समोरचा नट संवाद विसरून भलतंच बोलला, तरी ही भूमिकेतूनच उत्तर द्यायची. नवरा म्हणायचा, स्टुडिओला आग लागली तरी ही संवाद पुरा करूनच पळेल.

अखेर तिने संहिता उचलली. डॉक्टरचं काम करणारा नट घरून बोलणार होता. मुलाचा फोन रेकॉर्डिंगला लावलेला, म्हणून त्याने तिचाच घेतला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.

"मी त्यांची बायको बोलतेय. आता त्यांना मोकळं करा. मशीन बंद करा."

मग नटाने संहितेत नसलेलंच विचारलं, "नीट विचार केलाय ना? शेवटचं बघायला नाही येणार?"

ती अडखळली नाही. "विचार झालाय माझा. यायला मी फार लांब आहे."

नंतर तिने बेसिनपाशी जाऊन दोनदा चूळ भरली. तोंडाची घाण चव जाईना.

"नट मात्र चांगला मिळाला तुला," ती मुलाला म्हणाली. "आवाजात माया आहे त्याच्या."

मुलगा नुसता हुंकारला. त्याच्या तोंडात घास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने तिला दाराबाहेरच थांबवलं. आतून एक तरुण डॉक्टर आले. मोठ्या डॉक्टरांच्या जागी आलेले, तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बसा आजी," ते हळूच म्हणाले. "त्यांना काही त्रास झाला नाही."

चेहरा अनोळखी होता. आवाज मात्र तिने कालच मुलाजवळ वाखाणला होता.